आधी मागणी, मग भाषा, शेवटी स्लाइड : कामाच्या ठिकाणी प्रेझेंटेशन देण्याचा योग्य क्रम

बुधवारी मीटिंग असली की मंगळवारी रात्री जेवण उरकून माणूस लॅपटॉप उघडतो, मागच्या वेळची फाइल काढतो, तारीख बदलतो आणि स्लाइड भरत बसतो. बारा वाजेपर्यंत तीसेक स्लाइड होतात. सकाळी त्या वाचून दाखवायच्या, एवढंच उरतं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात, निपाणीतल्या गोदामाच्या ऑफिसात, खानापूरच्या सौहार्द सहकारी सोसायटीत, सगळीकडे हाच प्रकार. मी फाउंड्रीच्या क्वालिटी विभागात काम करतो. कामात पक्की असलेली मुलं उभी राहून बोलायची वेळ आली की अडतात, हे मला वर्षानुवर्षं दिसत आलंय. त्यांना बोलता येत नाही असं नाही. त्यांचा क्रम उलटा असतो. स्लाइड हे शेवटचं काम आहे आणि ते पहिलं केलं की पुढचं सगळं बिघडतं.

त्यात आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. एकाच खोलीत मराठी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषा बसलेल्या असतात. पुण्या-बंगळूरच्या लोकांसाठी लिहिलेल्या सल्ल्यांत याचा विचार नसतो, म्हणून खाली त्यावर जरा जास्त लिहिलंय.

## टप्पा १ : मागणीचं एक वाक्य लिहा

लॅपटॉप बंद ठेवा. कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिहा : माझं बोलणं संपल्यावर कुणी काय करावं?

हा लेख मी एकाच उदाहरणावर चालवतो, म्हणजे सगळे टप्पे जोडून दिसतील. समजा, पावसाळ्यात कास्टिंगचं, म्हणजे वाळूच्या साच्यात धातू ओतून केलेल्या भागांचं, रिजेक्शन वाढलंय. ब्लोहोल, म्हणजे धातूत भोकं, येताहेत, कारण वाळूत ओलावा जास्त आहे. तर वाक्य असं होईल : ‘मालकांनी ओलावा मोजायचं यंत्र घ्यायला आणि वाळूच्या ढिगावर पत्र्याची शेड घालायला आज मंजुरी द्यावी.’ सोसायटीत काम करत असाल तर : ‘संचालकांनी थकबाकीतल्या पहिल्या वीस खातेदारांना या महिन्यात स्वतः भेटावं.’

‘रिजेक्शनची माहिती द्यायची आहे’ किंवा ‘तिमाहीचा आढावा घ्यायचा आहे’ ही मागणीची वाक्यं नव्हेत. त्यात कुणी काही करायचं नाही, त्यामुळे ऐकणाराही काही करत नाही.

आमच्याकडे डिप्लोमा करून आलेल्या एका मुलानं याच विषयावर चौतीस स्लाइड केल्या होत्या. अभ्यास चोख होता. सहाव्या स्लाइडला मालकांनी विचारलं, ‘तुला पाहिजे काय ते सांग की.’ उत्तर एकतिसाव्या स्लाइडवर होतं. तो म्हणाला, ‘सर, पुढं येतंय.’ पुढं यायच्या आत मालकांचा फोन वाजला आणि मीटिंग तिथंच राहिली. त्या मुलाच्या दोन महिन्यांच्या मेहनतीचं मला खरंच वाईट वाटलं.

तपासून बघा : वाक्य शेजारच्या टेबलावरच्या माणसाला वाचून दाखवा. ‘म्हणजे नक्की कुणी काय करायचं?’ असं त्यानं विचारलं तर वाक्य परत लिहा. हे जमेपर्यंत पुढच्या टप्प्याला हात लावू नका.

## टप्पा २ : समोर कोण बसणार आणि कुठल्या भाषेत ऐकणार

बसणाऱ्यांची नावं मिळवा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा : निर्णय याच्या हातात आहे का, याला विषय आधीच ठाऊक आहे का, आणि याला कुठली भाषा सोपी जाते.

तिसरी गोष्ट आडनावावरून ठरवू नका. इथं पाटील, देसाई, कुलकर्णी, देशपांडे ही आडनावं मराठीतही आहेत आणि कन्नडमध्येही. अथणीकडच्या पाटीलसाहेबांपुढे पंधरा मिनिटं अस्खलित मराठी बोललात आणि ते मान हलवत राहिले, तर ते समजून हलवत होते की सभ्यपणामुळे, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. आदल्या दिवशी सरळ विचारा : ‘सर, उद्या कुठल्या भाषेत बोललेलं बरं पडेल?’ हा प्रश्न विचारल्यानं आजवर माझ्यावर कुणी रागावलेलं नाही. उलट माणूस मीटिंगच्या आधीच जरा तुमच्या बाजूला येतो.

मग भाषेची वाटणी ठरवा. मी ती अशी करतो.

मागणी निर्णय घेणाऱ्याच्या भाषेत. काम कसं करायचं ते, काम करणाऱ्याच्या भाषेत. स्लाइडवरचे शब्द आणि आकडे सगळ्यांना वाचता येतील अशा साध्या इंग्रजीत, किंवा खोलीत सगळे मराठीच असतील तर मराठीत.

सावध : प्रत्येक वाक्य तीन भाषांत सांगू नका. ऐकणारा आपल्या भाषेची पाळी येईपर्यंत मोबाइल बघतो आणि पाळी आल्यावर त्याला मागचा धागा लागत नाही. एक मुद्दा एका भाषेत पुरा करा, थांबा, मग दुसऱ्या भाषेत दोन वाक्यांत त्याचं सार सांगा.

शब्दांचीही पारख लागते. मराठी आणि कन्नडमध्ये दिसायला सारखे पण अर्थानं वेगळे असे बरेच शब्द आहेत. ‘आमचं अनुमान असं आहे’ हे मराठीत अंदाज सांगणं झालं, पण कन्नडमध्ये ‘अनुमान’ म्हणजे शंका, संशय. मेल्टिंगवाल्यांसमोर, म्हणजे धातू वितळवणाऱ्यांसमोर, तुम्ही हे वाक्य बोललात तर त्यांना तुम्ही त्यांच्यावर संशय घेताय असं वाटू शकतं. ‘अवांतर’ आपल्याला विषयाबाहेरचं; कन्नडमध्ये तो घोटाळा, अनर्थ. अशा ठिकाणी ‘अंदाज’, ‘दुसरा विषय’ असे साधे शब्द वापरा.

आकड्यांचं तर त्याहून जपून. ‘पावणेदोन टक्के’ म्हणताना मराठी कानाला १.७५ ऐकू येतं. कन्नडमध्ये तेच ‘ओंदू मुक्कालु’, म्हणजे एक आणि वर पाऊण. त्यामुळे आपल्या ‘पावणेदोन’मधलं ‘दोन’ तेवढं त्या कानाला लागतं. एकोणसाठ-एकोणसत्तरचीही तीच गत. अशा वेळी आकडा इंग्रजीत म्हणा, ‘वन पॉइंट सेव्हन फाइव्ह’, आणि तो स्लाइडवर दिसत असू द्या.

कन्नड कच्चं असेल तर पूर्ण भाषण कन्नडमध्ये करायचा हट्ट नको. पण चार वाक्यं नीट पाठ करा, कुणा सहकाऱ्याकडून उच्चार घोटून घ्या. ‘एल्लरिगू नमस्कार.’ ‘तप्पिद्रे हेळ्री’, म्हणजे चुकलं तर सांगा. ‘तिळीतेन्री?’, म्हणजे समजलं का? एवढं मनापासून म्हटलं तरी खोलीतला ताण उतरतो. भाषेवरून आपल्या भागात लोकांच्या मनाला बरंच लागलेलं आहे. कामाच्या खोलीत कुणालाही परकं वाटू देऊ नये, असं मला फार वाटतं.

## टप्पा ३ : आकडे गोळा करा, मग एकच ठेवा

गोळा सगळे करा. बोलायला एक निवडा. आपल्या उदाहरणात समजा महिन्याला १०,००० कास्टिंग निघतात, एकेक ६ किलोचं. उन्हाळ्यात रिजेक्शन ४ टक्के, पावसाळ्यात ७ टक्के. ‘रिजेक्शन तीन टक्क्यांनी वाढलं’ असं म्हटलं तर कुणी दचकत नाही. तीन टक्के म्हणजे ३०० कास्टिंग, म्हणजे १,८०० किलो. आता हेच असं म्हणा : ‘पावसाळ्यात दर महिन्याला १.८ टन लोखंड आपण दोनदा वितळवतो.’ वीज दोनदा, मजुरी दोनदा, मोल्डिंग दोनदा. मालकाच्या डोक्यात बिल तयार व्हायला लागतं.

टक्क्यातून किलोत, किलोतून रुपयांत किंवा तासांत या. ऐकणारा ज्या मापात रोज विचार करतो त्या मापात आकडा द्या. सोसायटीच्या संचालकाला ‘एनपीएचं प्रमाण’ सांगण्यापेक्षा ‘यंदा लाभांश देता येईल की नाही’ हे सांगा.

तपासून बघा : आकडा कुठल्या रजिस्टरमधून, कुठल्या तारखेपासूनचा, हे एका कागदावर लिहून खिशात ठेवा. आकड्याच्या उगमावर प्रश्न आला आणि तुम्ही चाचपडलात की चांगला मुद्दाही पडतो.

## टप्पा ४ : कागदावर सांगाडा

मागणी, अडचण, कारण, उपाय, खर्च, परत मागणी. एवढे सहा चौकोन कागदावर काढा आणि प्रत्येकात एक वाक्य लिहा. मागणी पहिल्या चौकोनात आहे हे मुद्दाम. पुष्कळांना वाटतं, आधी पार्श्वभूमी सांगावी, माणूस तयार झाला की मग मागावं. लग्नाच्या बोलणीत ते ठीक आहे. कामाच्या मीटिंगमध्ये माणसाला शेवट आधी कळला की मधलं तो नीट ऐकतो, कारण कशासाठी ऐकायचं ते त्याला माहीत असतं.

कारणाच्या चौकोनात शक्य असेल तर वस्तू आणा. याच टप्प्यावर तो डिप्लोमावाला मुलगा दुसऱ्या वेळी बदलला. त्यानं प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या आणल्या. एकीत मिक्सरमधून नीट निघालेली वाळू, दुसरीत पावसात भिजलेल्या ढिगाकडची. दोन्ही मालकांच्या पुढ्यात ठेवून म्हणाला, ‘सर, एकदा मुठीत दाबून बघा.’ पहिल्या वाळूची लाडवासारखी मूठ वळली, बोटांचे ठसे स्वच्छ उमटले, मोडली तेव्हा कडक तुटली आणि हात कोरडा राहिला. दुसरी तळहाताला चिकटली आणि तिचा लगदा झाला. ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साच्याच्या ओलसर वाळूत, ओलावा साधारण ३ ते ४ टक्के लागतो, त्याहून फार वाढला की धातू ओतताना वाफ होते, ती बाहेर पडायला वाट मिळाली नाही की कास्टिंगमध्ये भोक राहतं. हे वाक्य त्यानं त्यानंतर सांगितलं. मालक तोवर हात रुमालाला पुसत होते आणि कारण त्यांच्या हाताला लागलेलं होतं.

प्रत्येक कामात अशी वस्तू असते. रिजेक्ट झालेला एक पार्ट, ग्राहकाच्या तक्रारीचं पत्र, उसाच्या वजनाची पावती, फाटलेलं बारदान. ती शोधा.

सावध : वस्तू बोलणं सुरू व्हायच्या आधी फिरवू नका. लोक ती बघत बसतात आणि तुमचं बोलणं वाया जातं.

## टप्पा ५ : आता स्लाइड

सहा चौकोन, फार तर आठ स्लाइड. हात आखडता घ्या.

शीर्षकात पूर्ण वाक्य लिहा, क्रियापदासकट. ‘रिजेक्शन ॲनालिसिस’ हे फाइलचं नाव झालं. ‘पावसाळ्यात ओल्या वाळूमुळे ब्लोहोल वाढतात’ हे शीर्षक. ज्याला उशीर झाला तोही फक्त शीर्षकं वाचून गोष्ट समजू शकला पाहिजे.

अक्षर २८ पॉइंटच्या खाली नको. एक्सेलचा तक्ता जसाच्या तसा चिकटवू नका. त्यातल्या ज्या दोन ओळींबद्दल बोलणार तेवढ्याच ठेवा. पूर्ण तक्ता छापून जवळ ठेवा, मागितला तर द्या. गावाचं, कंपनीचं, खात्याचं नाव इंग्रजीत लिहिताना लेटरहेडवर जे स्पेलिंग आहे तेच घ्या, स्वतःच्या सवयीचं नको.

फॉन्टकडे फार लक्ष द्या, कारण आपल्याकडे मराठी आणि कन्नड दोन्ही येतं. श्रीलिपी किंवा जुन्या नुडी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसेल तर अगम्य खुणांचा होऊन बसतो. माझंच एकदा असं झालं होतं. पहिल्या स्लाइडपासून शेवटच्यापर्यंत एक ओळ वाचता येत नव्हती. तेव्हापासून मी दोन्ही लिप्या युनिकोडमध्येच टाइप करतो. विंडोजमधल्या निर्मला यूआय या एकाच फॉन्टमध्ये देवनागरीही आहे आणि कन्नडही. त्याशिवाय पॉवरपॉइंटच्या सेव्हच्या ऑप्शनमध्ये फॉन्ट फाइलमध्येच घालून ठेवायची सोय आहे, ती खूण करा. आणि एक प्रत पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये अक्षरं हलत नाहीत.

कन्नड ओळ मोबाइलवरून भाषांतर करून चिकटवली असेल तर कन्नड सहकाऱ्यानं वाचल्याशिवाय ती दाखवू नका.

तपासून बघा : स्लाइड पूर्ण पडद्यावर लावा, लॅपटॉप टेबलावर ठेवा आणि सात-आठ पावलं मागं जा. वाचता येत नसेल तर शब्द कमी करा. अक्षर बारीक करून जागा काढायचा मोह होईल, तो टाळा.

## टप्पा ६ : तालीम, आणि ती उभ्यानं

मनातल्या मनात स्लाइड सरकवणं ही तालीम नव्हे. तोंड उघडलं की कुठलं वाक्य अडतं ते कळतं. तीनदा करा.

पहिली वेळ एकट्यानं, उभं राहून, मोठ्यानं. घड्याळ लावा. वीस मिनिटं मिळाली असतील तर बोलणं चौदा मिनिटांत संपलं पाहिजे, बाकीची प्रश्नांना. त्याच वेळी पाच मिनिटांचं रूपही तयार करा : कुठल्या तीन स्लाइड दाखवायच्या ते ठरवा आणि त्यांचे नंबर लिहून ठेवा. मोठे साहेब उशिरा येतात आणि ‘पाच मिनिटांत आटपा’ म्हणतात, हे मी इतक्यांदा पाहिलंय की त्याची तयारी न करणं ही चूकच धरतो. स्लाइड शो चालू असताना नंबर दाबून एंटर मारलं की थेट त्या स्लाइडवर जाता येतं.

दुसरी वेळ मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून. ऐकताना मुद्दाम वाक्यांचे शेवट ऐका. मराठीत क्रियापद शेवटी येतं. आवाज शेवटी पडला की नेमका अर्थच गिळला जातो. ‘नवीन बाइंडरनं रिजेक्शन कमी झालं नाही’ (बाइंडर म्हणजे वाळू धरून ठेवणारा पदार्थ) या वाक्यातलं ‘नाही’ पुटपुटलं गेलं तर समोरच्याला ‘कमी झालं’ एवढंच ऐकू येतं, आणि तो खूश होऊन बाइंडरची पुढची ऑर्डर देऊन टाकतो. कन्नडमध्येही क्रियापद शेवटीच येतं, तिथंही हेच. ‘आहे’, ‘नाही’, ‘पाहिजे’, ‘नको’ हे शब्द स्पष्ट, जरा सावकाश आणि श्वास शिल्लक ठेवून म्हणायची सवय करा. एवढी एक गोष्ट सुधारली तरी ऐकणाऱ्याला तुमचा आत्मविश्वास वाढल्यासारखा वाटतो.

‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’, ‘काय आहे की’ किती वेळा येतं तेही मोजा. ते बोलण्याऐवजी गप्प राहा. दोन क्षणांची शांतता बोलणाऱ्याला फार मोठी वाटते, ऐकणाऱ्याला ती जाणवतही नाही.

तिसरी वेळ एका माणसासमोर. तो तुमच्या विभागाचा नको, आणि कन्नड बोलणारा असला तर उत्तम. शेवटी त्याला एकच विचारा : ‘मी काय मागितलं?’ उत्तर टप्पा १ मधल्या वाक्याशी जुळलं पाहिजे. जुळलं नाही तर स्लाइडला हात लावू नका, सांगाड्याकडे जा.

सावध : पूर्ण भाषण पाठ करू नका. एक शब्द विसरला की पुढचा सगळा मजकूर गळून पडतो. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक वाक्य, एवढंच पाठ.

## टप्पा ७ : खोली ताब्यात घ्या

अर्धा तास आधी जा. जुन्या प्रोजेक्टरला व्हीजीएची वायर असते, नव्या लॅपटॉपला ते भोकच नसतं. आपला ॲडॉप्टर आपल्या बॅगेत असावा, दुसऱ्याच्या भरवशावर नको. पडद्यावर काही दिसत नसेल तर विंडोजची कळ आणि पी एकदम दाबा, ‘डुप्लिकेट’ निवडा. व्हॉट्सॲप वेब बंद करा, सूचना बंद करा. घरचा निरोप सगळ्यांसमोर पडद्यावर उमटलेला मी पाहिलाय, आणि त्या बिचाऱ्याला पुढं बोलणं जमलं नाही.

वीज जाईल असं धरूनच चला. पेनड्राइव्ह, पीडीएफ आणि एका पानाच्या छापील प्रती, एवढं जवळ असलं की वीज गेली तरी पाच मिनिटांचं रूप पानावरून सांगता येतं. पांढऱ्या फळ्यावरचं मार्कर उमटतं का तेही आधीच बघा.

आणि जून ते सप्टेंबर असेल तर वर बघा. पत्र्याचं छप्पर असेल तर पाऊस जोरात आला की तुमचा आवाज दोन फुटांपलीकडे जाणार नाही. तेव्हा ओरडू नका. थांबा, लोकांच्या जवळ जा, पान हातात द्या, सर ओसरली की पुढं.

## टप्पा ८ : पहिली दोन मिनिटं

भीती इथंच असते, म्हणून इथलं सगळं आधी ठरलेलं असावं. आत जाण्यापूर्वी चार-पाच श्वास असे घ्या की सोडायला लागणारा वेळ घ्यायच्या वेळेहून जास्त असेल. पुढं गेलात की पाय टेका, सगळ्यांकडे बघा, मग बोला. चालता चालता बोलायला सुरुवात करू नका.

‘माझी फारशी तयारी नाही’, ‘माझं इंग्रजी जरा तसंच आहे’, ‘मी काही फार बोलणारा नाही’ यातलं काहीही म्हणू नका. आपल्याकडे हे नम्रतेनं म्हटलं जातं हे मला माहीत आहे, पण वेळ काढून आलेल्या माणसाला ते ‘तुमचा वेळ वाया जाणार’ असं ऐकू येतं. त्याऐवजी असं म्हणा :

‘नमस्कार. एल्लरिगू नमस्कार. स्लाइड इंग्रजीत आहेत, मी मराठीत बोलतो, मुद्दा संपला की कन्नडमध्ये थोडक्यात सांगतो. मध्ये कुठंही थांबवा. मला आज दोन गोष्टींना मंजुरी पाहिजे : ओलावा मोजायचं यंत्र आणि वाळूवर शेड. कारण पावसाळ्यात दर महिन्याला १.८ टन लोखंड आपण दोनदा वितळवतो.’

तीसेक सेकंदांत सगळ्यांना सगळं कळलं. आता तुम्ही घाबरलेले असलात तरी चालेल, काम सुरू झालंय.

## टप्पा ९ : बोलताना

स्लाइड वाचू नका. स्लाइड बदला, लोकांना दोन क्षण वाचू द्या, मग त्यावर नसलेलं सांगा. पडद्याकडे पाठ फिरवून बोलू नका. आवाज भिंतीला जातो. वस्तू दाखवायची असेल किंवा गंभीर काही सांगायचं असेल तर स्लाइड शोमध्ये ‘बी’ची कळ दाबा, पडदा काळा होतो आणि नजरा तुमच्याकडे येतात. परत दाबलं की स्लाइड येते.

नजर फक्त मालकांवर ठेवू नका. कामगार प्रतिनिधी, साचे करणारे जुने मोल्डर मामा, कोपऱ्यात बसलेल्या अकाउंटच्या मॅडम, सगळ्यांकडे एकेक वाक्य द्या. यंत्राचं रीडिंग उद्या मामाच लिहिणार आहेत, आणि त्यांना मान दिला नाही तर मंजुरी मिळूनही यंत्र धूळ खात पडेल. त्यांच्या अनुभवाला जागा द्या : ‘मामा हाताला वाळू लागली की सांगतात ओली आहे म्हणून. यंत्र तेच आकड्यात सांगेल, म्हणजे रात्रपाळीलाही कळेल.’

सावध : दोष विभागाला देऊ नका. ‘सँड प्लँटवाले लक्ष देत नाहीत’ म्हटलं की तिथला माणूस पुढं काहीही ऐकणार नाही. ‘ढिगावर छप्पर नाही’ म्हणा. खरी अडचणही तीच आहे.

## टप्पा १० : प्रश्न

प्रश्न पूर्ण ऐका. मग तो सगळ्यांना कळेल अशा भाषेत एकदा परत म्हणा : ‘साहेब विचारताहेत की शेड घातल्यावर यंत्राची गरज राहील का?’ यानं तीन फायदे होतात. कन्नडमधला प्रश्न मराठी माणसाला कळतो, तुमचा गैरसमज असेल तर तिथंच दुरुस्त होतो, आणि विचार करायला वेळ मिळतो. उत्तर दोन-तीन वाक्यांत द्या.

माहीत नसेल तर ‘हा आकडा आत्ता माझ्याकडे नाही, उद्या बारापर्यंत पाठवतो’ असं म्हणून सगळ्यांसमोर वहीत लिहा. अंदाजानं ठोकून दिलेला आकडा एखाद्यानं पकडला की आधीचे खरे आकडेही संशयात येतात.

दोघं आपसात कन्नडमध्ये कुजबुजायला लागले तर ते तुमच्याबद्दलच आहे असं धरून चिडू नका. बहुतेक वेळा एक जण दुसऱ्याला तुमचाच मुद्दा समजावून देत असतो. थांबा आणि विचारा, ‘सर, काही राहिलं का सांगायचं?’

शेवटचा प्रश्न संपला की ‘थँक्यू’ म्हणून पळू नका. पाठ केलेलं शेवटचं वाक्य इथं म्हणा : ‘तर सर, यंत्र आणि शेड, दोन्हीला आज मंजुरी द्यावी ही विनंती.’ आणि गप्प राहा. उत्तर येईपर्यंत बोलू नका. ‘म्हणजे लगेच नाही तरी चालेल’ असं घाबरून जोडलं की ते खरंच लगेच होत नाही.

## टप्पा ११ : त्याच दिवशी संध्याकाळी

घरी जायच्या आधी मेल टाका. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, एवढ्या तीन ओळी. उद्या बारापर्यंत पाठवायचा आकडा असेल तर तोही लिहा. जोडीला एका पानाची पीडीएफ. आठ स्लाइडची फाइल मागितली तरच.

मंजुरी अर्धीच मिळाली असेल, समजा यंत्राला हो आणि शेड पुढच्या वर्षी, तर मेलमध्ये तेही स्पष्ट लिहा आणि शेड होईपर्यंत ढीग झाकायला ताडपत्री कोण आणणार ते नावासकट नोंदवा. मग वही उघडून आज कोणी काय विचारलं ते प्रश्न जसेच्या तसे, ज्या भाषेत आले त्या भाषेत, उतरवून ठेवा. पुढच्या वेळी टप्पा २ करायला बसाल तेव्हा आधी हे पान काढा.